तिसऱ्या बरणीतला मध

साबणाच्या कारखान्यात त्यांना तोंडावर नाकसाहेब म्हणत आणि पाठीमागे नुसतं नाक. दोन्ही त्यांना आवडायचं. वड्यांची बॅच बाहेर पडायच्या आधी त्यातली एक वडी त्यांच्या टेबलावर यायची. नाकसाहेब डोळे मिटायचे, वडी नाकाखालून एकदाच फिरवायचे आणि म्हणायचे, 'जाऊ द्या,' नाहीतर, 'थांबवा.' एवढ्या दोन शब्दांवर त्यांचा संसार झाला, घर झालं, मुलीचं शिक्षण झालं. साहजिकच आपल्या नाकाचा त्यांना फार अभिमान होता. थंडीत ते मफलर नाकाला गुंडाळायचे आणि डोकं उघडं ठेवायचे, कारण कुठल्या अवयवावर आपलं पोट आहे याबद्दल त्यांच्या मनात काही शंका नव्हती.

निवृत्तीला वर्षभर राहिलं असताना त्यांना ताप आला. ताप साधाच होता, आला तसा गेला, पण जाताना वास घेऊन गेला. कामावर परतल्यावर त्यांनी वडी उचलली, नाकाखालून फिरवली, आणि ती वडी म्हणजे नदीतला गोटा झाली होती. त्यांनी पुन्हा फिरवली. मग रुमाल काढून शिंकरल्यासारखं केलं आणि समोर बसलेल्या मदतनीस बाईंकडे पाहिलं. बाईंची डावी भुवई जराशी वर गेली होती. नाकसाहेब म्हणाले, 'थांबवा.' बाईंनी मान डोलावली आणि त्यांचा जीव भांड्यात पडला.

पुढचं वर्षभर कारखान्यातल्या प्रत्येक वडीचा निकाल त्या भुवईनं लावला. बाईंना पत्ता नव्हता. नाकाच्या डॉक्टरांकडे ते गुपचूप जाऊन आले, तेव्हा डॉक्टर म्हणाले की परत येईल किंवा येणार नाही, वाट बघा. ते वाट बघत राहिले आणि निवृत्तीचा दिवस आला. समारंभात मॅनेजर म्हणाले की असं नाक पुन्हा होणं नाही. टाळ्या वाजत असताना नाकसाहेबांना हसू आवरेना, कारण हे नाक आताही नव्हतं आणि तरी कंपनीचा एकही साबण बिघडला नव्हता. म्हणजे इतकी वर्षं पगार नेमका कशाचा घेतला, हा प्रश्न त्यांनी हारतुऱ्यांबरोबर घरी आणला.

घरी त्यांनी कुणालाच सांगितलं नाही. बायकोलाही नाही. यामागं काही मोठं तत्त्व नव्हतं. माणसाकडे दाखवण्यासारखं एकच काही असलं आणि तेही गेलं, की ते अजून आहे असं दाखवणं हेच त्याचं काम होऊन बसतं. शिवाय बायकोनं सांगून आलेली दोन बरी स्थळं सोडून या नाकाशी लग्न केलं होतं, असं नाकसाहेबांचं आपलं मत होतं. बायकोला कुणी विचारलं नव्हतं.

बायको शाळेत गणित शिकवायची. बोलणं तिचं असं, की उत्तर लिहिलं, खाली दोन रेघा ओढल्या आणि झालं. पण गेल्या दीडेक वर्षात तिला काय झालं होतं कोण जाणे, तोंडाला खळ म्हणून नव्हती. सकाळी उठली की सुरू. 'आज उशीला उन्हाचा वास येतोय, काल गच्चीत टाकली होती ना.' 'दूध जरा खाली लागलंय हो.' 'हा शर्ट आजच्या आज धुवायला टाका.' 'शेजाऱ्यांनी दार रंगवलंय, जिन्यात नुसता रंगाचा वास.' नाकसाहेबांना वाटायचं, वय झालं, या वयात बायका बोलक्या होतात. ते हं हं करायचे, पण त्यातलं जे उपयोगी असेल ते ठेवून घ्यायचे. जिन्यात शेजारी भेटले की नाक किंचित वर करून म्हणायचे, 'रंग तेलाचा दिसतोय.' शेजारी आ वासून बघत राहायचे. उधारीचा माल आपल्या दुकानात ठेवून विकण्याचं त्यांना काही वाटेनासं झालं होतं.

एकाच गोष्टीवर ते मनातून रुसले होते. संध्याकाळचा चहा लग्नापासून तेच करत आले होते. बायकोनं एक दिवस ते काम काढून घेतलं. 'तुमचा चहा हल्ली कडू होतो,' म्हणाली, आणि गॅसजवळ फिरकू देईना. एवढ्या वर्षांनी चहात खोट काढली याचं त्यांना वाईट वाटलं. आणि त्याहून वाईट एका गोष्टीचं वाटायचं, ती कुणाला सांगण्यासारखी नव्हती. फुलं गेली, साबण गेले, त्याचं त्यांना फारसं काही नव्हतं. पण रविवारी न्हाऊन बायको केस सुकवत खिडकीशी बसायची, आणि ते पेपर वाचायचं निमित्त करून शेजारी जाऊन बसायचे. ते अजूनही जाऊन बसत. आता मात्र खरोखरच पेपर वाचत.

अशात मुलीचं लग्न ठरलं. मुलानं ठरवलं, मुलीनं ठरवलं, कचेरीत जाऊन सही करायची आणि संध्याकाळी जवळच्या माणसांना जेवण, असा बेत. होणारे व्याही मधमाश्या पाळायचे. त्यांच्या पेट्या हंगामाप्रमाणे गावोगावच्या शेतांतून आणि बागांतून फिरायच्या आणि मध बरण्यांत भरून विकला जायचा. पहिल्याच भेटीत ते हात जोडून म्हणाले की साहेब, तुमच्या नाकाबद्दल फार ऐकलंय. इथे नाकसाहेबांनी गप्प बसायला हवं होतं. ते म्हणाले, 'जेवणाच्या दिवशी पाहुण्यांना मी माझ्या हातची मीड पाजणार. मध तुमचा, निवड माझी.'

मीड म्हणजे मधाची वाइन, हे त्यांनी आदल्याच आठवड्यात कुठेतरी वाचलं होतं. कृती अगदी सोपी होती. मधात तिप्पट-चौपट पाणी घालायचं, उकळायचं मात्र नाही, उकळलं की मधाचा सुगंध उडून जातो. भांडी गरम पाण्यानं लख्ख करायची, यीस्ट टाकायचं, बुधल्याला बूच लावून त्यातून वाकडी नळी काढायची आणि तिच्यात पाणी ठेवायचं, म्हणजे आतला वायू बुडबुड करत बाहेर पडतो आणि बाहेरची हवा आत शिरत नाही. हे सगळं कुणालाही जमतं. खरी मेख मधाच्या निवडीत. यीस्ट मधातली सगळी गोडी खाऊन टाकतं आणि मागे उरतो तो फक्त फुलाचा वास. म्हणजे नाकसाहेबांना मधातलं जेवढं कळत होतं तेवढं सगळं जाणार होतं, आणि जे मुळीच कळत नव्हतं तेवढंच ग्लासात उरणार होतं. हे त्यांच्या ध्यानात आलं तोवर व्याह्यांनी चार बरण्या टेबलावर मांडल्या होत्या.

बरण्यांवर चिठ्ठ्या नव्हत्या. व्याह्यांनी मुद्दाम लावल्या नव्हत्या, साहेबांच्या नाकाचा तो अपमान झाला असता. बायको आत चहा टाकायला गेली होती. नाकसाहेबांनी डोळे मिटले, पहिली बरणी नाकाखालून फिरवली आणि पापण्यांच्या फटीतून व्याह्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. भुवया वाचण्यात त्यांचा वर्षभराचा हात बसलेला होता. पहिल्या बरणीला व्याही नुसते हसले. दुसऱ्या बरणीलाही तसेच हसले. तिसरी बरणी उचलली तेव्हा मात्र त्यांनी घाईनं हात पुढे केला आणि ती बाजूला सारत म्हणाले, 'ती राहू द्या साहेब, ती आपली अशीच आणलीय.'

नाकसाहेब मनात म्हणाले, सापडलास. चांगला माल दुकानदार नेहमी मागच्या फळीवर ठेवतो. त्यांनी बरणी पुन्हा ओढून घेतली, नाक जवळजवळ मधात बुडेल इतकं खाली नेलं, दीर्घ श्वास घेतला आणि मान मागे टाकली. व्याही श्वास रोखून बघत होते. त्या चेहऱ्यावर जे होतं त्याला नाकसाहेबांनी आदर म्हटलं.

'हाच,' ते म्हणाले.

'हा?' व्याही म्हणाले.

'दुसरा नकोच. जेवढा असेल तेवढा पाठवून द्या.'

तेवढ्यात बायको चहाचा ट्रे घेऊन आली, दारातच थबकली, उघड्या बरणीकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे पाहिलं. काहीतरी बोलायला तिनं तोंड उघडलं होतं. पण व्याही मान डोलावत म्हणत होते की धन्य आहे साहेबांची, आणि नाकसाहेब भाव खात बसले होते. तिनं ट्रे खाली ठेवला आणि साखर आणायला परत आत गेली. साखर ट्रेमध्येच होती.

मध आला. नाकसाहेबांनी काचेचा मोठा बुधला विकत आणला, गरम पाण्यानं धुतला, मध कोमट पाण्यात विरघळवला, यीस्ट टाकलं आणि बुधला झोपायच्या खोलीत कपाटाच्या आडोशाला ठेवला, कारण अंधार आणि सारखी ऊब घरात तिथेच होती. बायकोच्या उशीपासून तो हातभर अंतरावर होता. दुसऱ्या दिवशी नळीत पहिला बुडबुडा आला तेव्हा त्यांना मुलगी जन्मली त्या दिवसाची आठवण झाली. मुलीला हे फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, आईला फोन द्या.

बायको बोलत होती. 'घरात कांद्याचा वास भरलाय,' असं ती पहिल्या दिवशी म्हणाली. नाकसाहेबांना वाटलं, स्वयंपाकाचं म्हणतेय. 'मग खिडकी उघड,' ते म्हणाले. दोन दिवसांनी ती म्हणाली की कांद्याचा वास झोपायच्या खोलीत जास्त येतो. ते म्हणाले, दार लोटून घेत जा, वारा स्वयंपाकघरातून येतो. पुढच्या आठवड्यात ती म्हणाली की आज घरात कांदा चिरलेलाच नाही, तरी येतो. ते म्हणाले, शेजारी चिरत असतील. एवढंच नाही, जिन्यात शेजारी भेटले तेव्हा त्यांनी नाक वर करून सांगितलं, 'कांदा फार वापरता हं तुम्ही.' शेजाऱ्यांनी घरात जाऊन दार लावून घेतलं. तेव्हापासून त्यांची बायको नाकसाहेबांना बघून तोंड फिरवायची, आणि त्यामागे आपल्या नाकाचा धाक असावा असं यांना वाटायचं.

बुडबुडे मंदावले, मग थांबले. नाकसाहेबांनी तळाचा गाळ न हलवता रबरी नळीनं वरचं पिवळसर पाणी बाटल्यांत ओढून घेतलं. लग्नाला अजून तीन महिने होते, पण धीर कुणाला होता. त्यांनी व्याही, विहीणबाई, मुलगी आणि होणारे जावई अशा सगळ्यांना चव घ्यायला बोलावलं. नवे ग्लास आणले. स्वतःच्या हातानं ओतलं, ग्लास उजेडात धरला, गोल फिरवला, नाक आत घातलं आणि म्हणाले, 'आधी फुलं येतात. मग जरासं लिंबू. आणि शेवटी, बघा, ओल्या मातीची एक आठवण.' ही ओळ त्यांनी सकाळी आंघोळ करताना पाठ केली होती.

सगळ्यांनी घोट घेतला. जावयांनी घोट तोंडातच धरून ठेवला होता आणि तो आत न्यावा की बाहेर काढावा याचा त्यांना निर्णय घेता येत नव्हता. विहीणबाई खिडकीबाहेर बघत होत्या. शेवटी मुलगी म्हणाली, 'बाबा, याला कांद्याचा वास येतोय.'

नाकसाहेब हसले. 'कांद्याचा? अगं, तो मधाचा बाज आहे.'

'बाबा, कांदा आहे हा. कच्चा.'

तेव्हा व्याह्यांनी ग्लास खाली ठेवला आणि हात जोडले. फार अवघडून त्यांनी सगळं सांगितलं. कांद्याचं बियाणं करणारे शेतकरी फुलोऱ्याच्या दिवसांत मधमाश्यांच्या पेट्या मागवतात. माश्या काम करतात, बी चांगलं धरतं, पण त्या पेट्यांतल्या मधाला कांद्याचा वास लागतो. तो मध ते विकत नाहीत, माश्यांनाच खायला ठेवतात. त्या दिवशी चार घटका करमणूक म्हणून एक बरणी आणली होती, साहेब नाक मुरडतील आणि सगळे हसतील म्हणून. 'पण तुम्ही तीच उचललीत,' ते म्हणाले. 'मला वाटलं, आपण अडाणी माणसं. एवढ्या मोठ्या नाकाला आपल्याला न कळलेलं काहीतरी कळलं असणार. मग मी तोंड उघडलं नाही.'

मुलगी वडिलांकडे टक लावून बघत होती. नाकसाहेबांनी मनात दोन-तीन उत्तरं जुळवली. एक परदेशातल्या पद्धतीबद्दल होतं आणि ते बरं होतं. ते सुरू करणार एवढ्यात बायको म्हणाली, 'मीच सांगितलं होतं यांना. म्हटलं, कांद्याचाच घ्या. जरा वेगळा.'

आयुष्यभर गणित शिकवलेल्या त्या बाईला खोटं बोलता येत नव्हतं. कान लाल झाले होते आणि ती टेबलाकडे बघून बोलत होती. बरणी निवडली तेव्हा ती आत चहा टाकत होती, हे व्याह्यांना पक्कं ठाऊक होतं. नाकसाहेबांनी तिच्याकडे पाहिलं, आणि मग इतके दिवस ऐकून सोडलेलं सगळं एकदम त्यांच्या कानात परत आलं. उशीला उन्हाचा वास येतोय. दूध खाली लागलंय. शर्ट धुवायला टाका. जिन्यात रंगाचा वास. कांदा, कांदा, कांदा. ही बाई बोलकी झाली नव्हती. तापानंतर पहिल्या आठवड्यातच तिला कळलं होतं आणि तेव्हापासून ती त्यांना रोजचे वास वाढत होती, त्यांना मागायला लागू नये म्हणून. चहा कडू होत नव्हता. ती गॅसची काळजी घेत होती.

त्यांना लाज वाटली. वास येत नाही याची नव्हे, ती तर आता मुरली होती. दीड वर्ष आपण तिला बडबडी समजत होतो याची वाटली.

'ही खोटं बोलतेय,' नाकसाहेब म्हणाले. 'मला वास येत नाही. दीड वर्ष झालं, कशाचाच येत नाही.'

व्याह्यांनी आधी बाटल्यांकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. मग हळूच म्हणाले, 'म्हणजे तिसरी बरणी...'

'तुमच्या तोंडाकडे बघून निवडली.'

व्याह्यांनी हसू दाबायचा प्रयत्न केला, पण तो त्यांना झेपला नाही. त्यांचं बघून विहीणबाई हसल्या, जावयांना हसताना तो तोंडात धरलेला घोट शेवटी गिळावा लागला, आणि मग नाकसाहेबही हसले. इतके दिवस आपण नाकानं कांदे सोलत होतो हे असं बाटल्या भरून समोर मांडलेलं बघितल्यावर दुसरं काय करणार. मुलगी मात्र हसली नाही. 'आम्हाला का नाही सांगितलंत?' तिनं विचारलं. ते म्हणाले की नाक गेलं असं सांगितलं असतं तर मग मागे राहिलेला माणूस कोण, हे त्यांचं त्यांनाच माहीत नव्हतं. तिनं उठून त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि ग्लास त्यांच्यापासून दूर सरकवला.

विहीणबाईंनी जाताना दोन बाटल्या स्वयंपाकात घालायला मागून घेतल्या, आणि नंतर निरोप आला की भाजीला फार छान लागते, अजून असली तर द्या. नाकसाहेबांच्या कारकिर्दीतली ही शेवटची पसंती.

पुढच्या रविवारी उरलेल्या तीन बरण्या पुन्हा टेबलावर आल्या. हलकी मीड लग्नापर्यंत होण्यासारखी होती, फक्त आता उशीर करून चालणार नव्हतं. बायको नुकतीच न्हाऊन आली होती. तिनं तिन्ही बरण्या ओळीनं उघडल्या, एकेक हुंगली आणि म्हणाली, 'पहिली.'

'पहिली काय?'

'पहिली घ्या.'

'अगं, पण वास कसा आहे तिचा?'

'चांगला.'

उत्तराखाली दोन रेघा ओढलेल्या त्यांना स्पष्ट दिसल्या. ते वैतागले. म्हणाले, दीड वर्ष तर ऐकून ऐकून माझे कान किटले, आणि आता मला गरज आहे तर तुझ्या तोंडाला कुलूप.

'तेव्हा तुम्ही विचारत नव्हतात, म्हणून बोलावं लागायचं,' ती म्हणाली. 'आता विचारा.'

मग नाकसाहेबांनी विचारलं. ती पुन्हा बरणीवर वाकली आणि शब्द शोधत शोधत सांगू लागली, की लिंबाच्या झाडाखाली सकाळी उभं राहिल्यावर येतो तसा आहे, पण लिंबाचा नाही, त्याच्या फुलाचा. दुसऱ्या बरणीत निलगिरी आहे, छातीला चोळायच्या मलमासारखी, ती पाहुण्यांना देऊ नये. तिसरीत गूळ आणि जुनं लाकूड. प्रत्येक वेळी सांगून झालं की ती त्यांच्याकडे बघायची, पोचलं का म्हणून. पोचत होतं. सगळं नाही, पण पोचत होतं. त्यांनी पहिली बरणी बाजूला काढली, आणि आयुष्यात पहिल्यांदा एखाद्या निवडीबद्दल त्यांना खात्री वाटली.

बायको केस सुकवायला खिडकीशी जाऊन बसली. ते पेपर न घेताच शेजारी जाऊन बसले. इतकी वर्षं विचारायची गरज पडली नव्हती आणि दीड वर्ष धीर झाला नव्हता.

'तुझ्या केसांना कसला वास येतोय गं आज?'

केसांची एक बट ओढून तिनं नाकाशी धरली आणि विचार केला. खोटं बोलता येत नसलेली बाई ती.

'कांद्याचा,' ती म्हणाली. 'त्या बुधल्याशेजारी झोपत होते ना.'